फ्लाइंग स्कॉट्समन : नाव मोठं, मग लक्षण कसं?

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला की आमच्या मागीलदारी तांब्याचा बंब पेटतो. घरात गीझर आहे, पण त्याला अंघोळीला बंबाचंच पाणी लागतं. यंदा बंबात नारळाची सोडणं आणि करवंट्या टाकता टाकता त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. हिरवंगार इंजिन, वाफेचा पांढरा लोट, आणि शेताच्या कुंपणाला टेकून उभी असलेली शेकडो माणसं. "मामा, हे जगातलं सगळ्यात भारी इंजिन आहे ना?"

इंजिन होतं ब्रिटनचं फ्लाइंग स्कॉट्समन. वाफेच्या इंजिनांमध्ये एवढं लाडकं दुसरं क्वचितच असेल. "हो" म्हणून मोकळा झालो असतो, पण हा प्रश्न माझ्याही मनात बरीच वर्षं आहे. चार सकाळी बंबापाशी बसून त्याला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लावून लिहितो.

आधी एक सांगायला हवं. आम्ही चिपळूणकडची माणसं. आमच्याकडे वाफ आली ती समुद्रातून. आजोबा मुंबईला जायचे ते दाभोळहून आगबोटीनं. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली ती डिझेलवर, आणि २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेवर गेला. लहानपणी इंजिनाच्या शिट्टीनं जाग आली, असं काही माझ्याकडे सांगण्यासारखं नाही. जे कळलं ते वाचून, आकडे पडताळून आणि माहीतगारांना विचारून. त्यामुळे या इंजिनाकडे थोडं लांबून बघता येतं, असं मला वाटतं.

नावापासूनच सुरुवात करू, कारण निम्मा गोंधळ नावातच आहे.

आपण म्हणतो, "कोकणकन्येनं आलो." कोकणकन्या ही गाडी. तिला आज एक इंजिन लागतं, उद्या दुसरं. त्या इंजिनाचा नंबर कुणी लक्षात ठेवत नाही. आता समजा, रेल्वेनं एका इंजिनावर ‘कोकणकन्या’ अशी पितळी पाटी लावली, त्याला घासूनपुसून चकचकीत केलं आणि मोठ्या प्रदर्शनात नेऊन उभं केलं. लाखो लोकांनी ते पाहिलं. दहा वर्षांनी लोक काय म्हणतील? हेच ते कोकणकन्या ओढणारं इंजिन! प्रत्यक्षात ती गाडी पन्नास वेगवेगळ्या इंजिनांनी ओढलेली असेल.

तिकडे नेमकं हेच घडलं. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून सकाळी १० ला एडिंबरोकडे निघणारी गाडी १८६२ पासूनची. लोक तिला फ्लाइंग स्कॉट्समन म्हणायला लागले, पुढे तेच अधिकृत नाव झालं. आपलं इंजिन जन्मलं फेब्रुवारी १९२३ मध्ये, डॉनकास्टरच्या कारखान्यात. आखणी अभियंते नायजेल ग्रेस्ली यांची, नंबर १४७२, नाव काहीच नाही. त्या जातीचं हे तिसरं इंजिन. पहिलं ‘ग्रेट नॉर्दर्न’ १९२२ मध्येच बाहेर पडलं होतं. १९२४ साली वेम्बली इथं ब्रिटिश साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं. त्यासाठी या इंजिनाला ४४७२ हा नवा नंबर मिळाला आणि गाडीचं प्रसिद्ध नाव त्याच्या अंगावर लागलं. म्हणजे कीर्तीचा पहिला हप्ता गाडीकडून उसना आलेला. अशी एकूण ७९ इंजिनं बांधली गेली, आणि तीही थोड्याफार फरकानं तेच काम करत होती.

एवढं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे खोटंच?" तसं मुळीच नाही. इंजिन चांगलंच होतं. किती चांगलं, ते कळायला आत शिरावं लागतं, आणि त्यासाठी समोरचा बंब बरा.

बंबात काय असतं? मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव. धूर नळीतून वर जातो आणि नळीभोवतीचं पाणी तापतं. इंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा पाडलेला बंब. फरक एवढाच की एका जाड नळीऐवजी त्यात दीडशेहून जास्त नळ्या असतात. मागे भट्टी, तिच्यातला जाळ या सगळ्या नळ्यांतून पुढे सरकतो आणि वाटेत भोवतालच्या पाण्याला उष्णता देत जातो. नळ्या जितक्या जास्त, तितका पाण्याला जाळाचा स्पर्श जास्त. बंबाचं तोंड उघडं, म्हणून वाफ निघून जाते. इंजिनात ती कोंडलेली. घरातल्या कुकरची शिट्टी साधारण १५ पौंडांच्या दाबाला वाजते. १९२३ चं हे इंजिन १८० पौंडांवर चालायचं, म्हणजे कुकरच्या बारा पट.

आता फुंकणी. सोडण नीट पेटलं नाही की आपण फुंकणीनं वारा घालतो. इंजिनात ती व्यवस्था आपोआप होते. वाफ सिलिंडरमधल्या दट्ट्याला (पिस्टनला) ढकलते आणि दट्टा चाकं फिरवतो. हे काम करून झालेली वाफ नळीवाटे धुराड्याखाली सोडतात. ती जोरात वर उसळताना नळ्यांमधला धूर ओढून नेते, त्यामुळे भट्टीत ताजा वारा शिरतो. इंजिन जितकं जास्त राबेल तितका विस्तव जास्त फुलेल. आपण जो ‘छुक छुक’ आवाज म्हणतो तो या फुंकणीचाच. मला ही युक्ती अजूनही थक्क करते. चढ आला की फुंकणी आपणहून जोर धरते, सांगावं लागत नाही.

ग्रेस्ली यांचं पहिलं मोठं काम भट्टीत होतं. जाळी सुमारे ४१ चौरस फुटांची, म्हणजे एखाद्या लहान न्हाणीघराएवढी. एवढी रुंद भट्टी उंच चाकांच्या मध्ये मावत नाही, म्हणून ती मोठ्या चाकांच्या मागे नेली आणि तिच्याखाली दोन लहान चाकं दिली. पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी, मागे दोन लहान. या मांडणीला पॅसिफिक म्हणतात. आपल्याकडचं गोल नाकाचं डब्ल्यूपी इंजिनही याच मांडणीचं.

मोठी चाकं किती मोठी? व्यास ६ फूट ८ इंच, म्हणजे २०३ सेंटिमीटर. उंच माणूस शेजारी उभा राहिला तरी चाक त्याच्या डोक्यावर जातं. एका फेऱ्यात इंजिन जवळजवळ ६.४ मीटर पुढे सरकतं. ताशी १६० किलोमीटरला हे चाक सेकंदाला सात वेळा फिरतं. डब्ल्यूपीचं चाक १७० सेंटिमीटरचं, त्याला तेवढ्याच वेगाला सेकंदाला आठाहून जास्त फेरे घ्यावे लागले असते. प्रत्येक फेऱ्याला जड लोखंडी दट्टे पुढेमागे हेलकावतात. फेरे कमी तर धक्के कमी, झीज कमी. उलट घाटात ओढायला लहान चाक बरं, कारण त्यात वेग जाऊन जोर मिळतो. सायकलचा गिअर बदलताना आपण हेच करतो. म्हणजे हे इंजिन सपाटीवरच्या लांब दौडीसाठी घडवलेलं होतं.

दट्टे सहसा दोन असतात, इथे तीन. तिसरा कशाला? ज्यांनी उखळात दोघींचं आणि तिघींचं कांडण ऐकलंय त्यांना हे लगेच कळेल. दोघी कांडताना घाव पडतात, मध्ये पोकळी राहते. तिघींची मुसळं पाठोपाठ पडली की सूर अखंड लागतो. तीन दट्ट्यांनी चाकाला मिळणारा जोर तसाच सलग होतो, रुळावरचे हादरे घटतात.

पण तिसरं मुसळ कोणी हलवायचं? बाहेरच्या दोन सिलिंडरांत वाफ सोडणाऱ्या झडपांना स्वतंत्र यंत्रणा होती. मधल्या झडपेसाठी वेगळी यंत्रणा न लावता ग्रेस्ली यांनी बाहेरच्या दोन झडपांना आडवे दांडे जोडले आणि त्यांच्या हालचालीतून मधलीची हालचाल काढली. मधल्या बाईनं दोघींकडे बघून ठेका धरावा, तसं. कल्पना सुंदर, वजन वाचवणारी. फक्त दांड्यांच्या सांध्यात झीज झाली की दोन्हीकडच्या चुका मधल्या झडपेत एकत्र यायच्या आणि मधला सिलिंडर नको तेवढं काम अंगावर घ्यायचा. ग्रेस्ली यांच्या इंजिनांचं हे कायमचं दुखणं होतं. देखभाल चोख असली तर ठीक, दुसऱ्या महायुद्धात देखभाल ढासळली तेव्हा ते फार जाणवलं.

आता १९२५ कडे येऊ. फ्लाइंग स्कॉट्समनच्या भक्तांनी हे वर्ष विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

वेम्बलीच्या प्रदर्शनात त्याच्या शेजारी ग्रेट वेस्टर्न या दुसऱ्या कंपनीनं आपलं इंजिन उभं केलं होतं, पहिल्या वर्षी ‘केअरफिली कॅसल’, दुसऱ्या वर्षी ‘पेंडेनिस कॅसल’. अंगानं लहान, भट्टीची जाळी सुमारे ३० चौरस फुटांची. पण कंपनीचा दावा असा की ओढण्याच्या ताकदीत आमचंच इंजिन देशात वरचढ. कागदावर ते खरंही होतं, कारण त्याच्या बॉयलरचा दाब २२५ पौंड होता. मग १९२५ च्या एप्रिल-मे मध्ये दोन कंपन्यांनी इंजिनांची अदलाबदल करून पाहिली. पेंडेनिस कॅसल किंग्ज क्रॉसला आलं आणि फ्लाइंग स्कॉट्समनचं भावंड ‘व्हिक्टर वाइल्ड’ पश्चिमेच्या मार्गावर गेलं. दोन्हीकडे लहान इंजिनानं मोठ्यापेक्षा कमी कोळशात काम केलं.

कारण दाबापुरतं नव्हतं, खरी गोम झडपेत होती.

पडवीतल्या झोपाळ्याला झोका द्यायचा तर सुरुवातीलाच ढकलतो आणि हात काढून घेतो. झोपाळ्यामागे टोकापर्यंत धावत ढकलत राहिलो तर दमणार आपणच. वाफेचं तसंच. दट्टा सुरुवातीचा पाचवा हिस्सा सरकेपर्यंत वाफ आत घ्यायची, मग झडप बंद. आत कोंडलेली वाफ पसरत पसरत दट्ट्याला टोकापर्यंत नेते. थोड्या वाफेत पूर्ण काम होतं. पण अशा वेळी झडप उघडी राहण्याचा काळ फार थोडा, आणि जुन्या आखणीत झडपेची ये-जा आखूड असल्यामुळे तेवढ्या वेळात ती जेमतेम किलकिली व्हायची. गणपतीच्या गर्दीत एसटीचं दार अर्धंच उघडलं तर काय होतं? उतरणारे आत अडकतात, चढणारे बाहेर. सिलिंडरात अगदी तेच व्हायचं. नवी वाफ पुरेशी शिरत नाही, जुनी वेळेत निघत नाही आणि दट्ट्याला उलट ढकलते. मग ड्रायव्हर झडप जास्त वेळ उघडी ठेवणार आणि कोळसा वाया जाणार. कॅसलच्या झडपांची ये-जा लांब होती, त्यांचं दार थोडाच वेळ पण पूर्ण उघडायचं.

ग्रेस्ली यांनी ही हार लपवली नाही. त्यांचे सहकारी बर्ट स्पेन्सर यांनी आधीपासून सुचवलेला बदल त्यांनी मान्य केला. झडपांची ये-जा वाढवली, आणि कोळशाचा खप मैलाला सुमारे ५० पौंडांवरून ४० च्या आत आला. आपल्या हिशेबात किलोमीटरला सुमारे १४ किलोवरून ११ किलोच्या आसपास. पुढे बॉयलरचा दाबही २२० पर्यंत नेला. सुधारलेल्या जातीला ए३ म्हणतात, फ्लाइंग स्कॉट्समन स्वतः १९४७ मध्ये ए३ झालं.

हा ११ किलोचा आकडा लक्षात ठेवा, कारण १९२८ ची गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

१ मे १९२८ ला फ्लाइंग स्कॉट्समन इंजिन फ्लाइंग स्कॉट्समन गाडी घेऊन लंडनहून निघालं आणि कुठेही न थांबता एडिंबरोला पोचलं. ३९२ मैल, म्हणजे सुमारे ६३१ किलोमीटर. रोहा ते ठोकूर या आपल्या सुमारे ७४० किलोमीटरच्या कोकण रेल्वेपेक्षा जरासंच कमी. आपल्याकडे एकेरी मार्गावर क्रॉसिंगला गाडी उभी राहते, समोरची मांडवी जाईपर्यंत आपण खिडकीतून बाहेरचा फणस न्याहाळत बसतो. अशा प्रवाशाला न थांबता ६३१ किलोमीटर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आता हिशेब मांडा. किलोमीटरला १४ किलो धरले तर ६३१ किलोमीटरला जवळजवळ ९ टन कोळसा लागतो, आणि इंजिनामागच्या टेंडरमध्ये कोळसा मावायचा ९ टनच. म्हणजे शेवटचा खडा एडिंबरोच्या फलाटावर संपला असता. समोरून वारा जोराचा आला असता तर वाटेतच. ११ किलोच्या हिशेबानं लागतो ७ टन, मग दोन टन हाताशी राहतो. १९२५ ला त्या लहान इंजिनाकडून धडा घेतला नसता तर १९२८ ची ही दौड फार धोक्याची झाली असती, असं मला ठामपणे वाटतं.

पाणी? रुळांच्या मध्ये काही ठिकाणी शेकडो मीटर लांबीच्या उथळ पन्हळी पाण्यानं भरून ठेवलेल्या. धावतं इंजिन टेंडरखालचं फावड्यासारखं तोंड खाली सोडायचं आणि वेगाच्याच जोरावर पाणी वर टाकीत चढायचं.

आणि माणसं? आठ तास भट्टीत कोळसा टाकणं एका माणसाच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून ग्रेस्ली यांनी टेंडरच्या कडेनं एक बोळ काढला, १८ इंच रुंद आणि ५ फूट उंच. निम्म्या वाटेवर विश्रांती घेतलेली दुसरी जोडी डब्यातून त्या बोळातून वाकून इंजिनावर यायची आणि पहिली जोडी मागे जायची. एका बाजूला पाण्याची टाकी, अंधार, पायाखाली गदगदणारं लोखंड. या सगळ्या कहाणीतली माझी सर्वात आवडती जागा हीच. वेगाचे आकडे पुढे मोडले गेले, पण हा अठरा इंचांचा बोळ काढणाऱ्यानं माणसाच्या थकव्याचा विचार यंत्राच्या आखणीत धरला होता.

पण इथेही खरं ते सांगायला हवं. चारच दिवस आधी, २७ एप्रिलला, प्रतिस्पर्धी एलएमएस कंपनीनं पश्चिमेच्या लांब मार्गानं लंडनहून एडिंबरो आणि ग्लासगोला एकेक गाडी न थांबता नेऊन दाखवली होती. ती एकदाची हौस होती, हिची मात्र रोजची सेवा झाली. शिवाय वेग काही फार नव्हता. आठ तासांत ६३१ किलोमीटर म्हणजे सरासरी ताशी ८० सुद्धा नाही. जुन्या शर्यतींनंतर कंपन्यांनी आपसात ठरवून वेळ बांधून घेतली होती, ती अजून पाळली जात होती.

वेगाची कीर्ती आली ३० नोव्हेंबर १९३४ ला. लीड्सहून लंडनला परतताना स्टोकच्या उतारावर ड्रायव्हर बिल स्पार्शाट यांनी ताशी १०० मैल, म्हणजे १६१ किलोमीटर गाठले. (योगायोग बघा, कोकण रेल्वेचा मार्ग आखताना धरलेला वेगही १६० चाच.) ‘१०० मैल गाठणारं पहिलं वाफेचं इंजिन’ हे बिरुद तेव्हापासूनचं. पण त्याच्याआधी ‘अधिकृत नोंदीप्रमाणे’ हे शब्द लागतात, ते गाळून चालत नाही.

कारण ९ मे १९०४ लाच ‘सिटी ऑफ ट्रूरो’ या इंजिनानं १०२.३ मैल गाठल्याची नोंद आहे. ती घेतली डब्यात बसलेल्या चार्ल्स रूस-मार्टेन या जाणकारानं, हातातल्या घड्याळावर. रुळांच्या कडेला दर पाव मैलाला खांब. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद, ते मोजायचं. १०० मैलांच्या वेगाला पाव मैल जायला बरोबर ९ सेकंद लागतात. त्यांच्या घड्याळानं दाखवले ८.८, म्हणून १०२.३. पण ते घड्याळ सेकंदाच्या पाचव्या हिश्शानं पुढे सरकायचं, म्हणजे ८.८ नंतर थेट ९.० आणि मग ९.२. बोट एका ठोक्यानं चुकलं की १०२ चे १०० होतात, दोन ठोक्यांनी चुकलं की ९८. धावत्या गाडीच्या खिडकीतून खांब ओळखून बोट दाबायचं, त्यात एवढी चूक सहज होते. मी भाच्याला घराबाहेरच्या रस्त्यावर माडापासून आंब्यापर्यंत रिक्षा मोजायला लावली, मोबाइलच्या घड्याळावर. आम्हा दोघांचे आकडे एकदाही जुळले नाहीत.

१९३४ ला इंजिनामागे मोजणीचा खास डबा जोडलेला होता. त्यात कागदाचं भेंडोळं गाडीच्या चालीबरोबर सरकतं आणि त्यावर पेनं वेग, वेळ आणि इंजिनाची ओढ यांच्या रेषा काढत जातात. माणसाच्या बोटाचा संबंध नाही. म्हणून ही नोंद पक्की धरतात. फ्लाइंग स्कॉट्समन १०० ला सर्वात आधी पोचलं, की सर्वात आधी पुराव्यासकट पोचलं, यातलं दुसरं निःसंशय खरं आहे. तोही मान लहान नाही.

तो वेगाचा मान टिकला मात्र काही महिनेच. मार्च १९३५ मध्ये ‘पॅपिरस’नं १०८ मैल गाठले, आणि ३ जुलै १९३८ ला ग्रेस्ली यांच्याच ‘मॅलार्ड’नं १२६, म्हणजे ताशी २०३ किलोमीटर. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही मानला जातो. भाच्याला ‘सगळ्यात वेगवान’ हवं होतं तर ते मॅलार्ड.

मग आज गर्दी फ्लाइंग स्कॉट्समनला का? त्याचं उत्तर १९६३ नंतरच्या वर्षांत आहे. जानेवारी १९६३ मध्ये ते सेवेतून निघालं. सरकारनं जपून ठेवायच्या इंजिनांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, ग्रेस्ली यांच्या कामाचा नमुना म्हणून मॅलार्ड होतं. भंगारात जायचं ते ॲलन पेग्लर या उद्योजकानं ३,००० पौंडांना विकत घेतलं. १९६९ ला त्यांनी ते अमेरिकेत फिरवायला नेलं, त्यात ते कर्जात बुडाले आणि १९७२ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं. विल्यम मॅकआल्पाइन यांनी ते सोडवून पनामा कालव्यातून मायदेशी आणलं. पुढे ऑस्ट्रेलियात ८ ऑगस्ट १९८९ ला ६७९ किलोमीटर न थांबता धावून त्यानं आणखी एक विक्रम केला. त्याच दौऱ्यात पर्थला ते जुन्या प्रतिस्पर्ध्याशेजारी उभं राहिलं. पेंडेनिस कॅसल तेव्हा तिकडेच होतं. २००४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानं ते २३ लाख पौंडांना घेतलं आणि २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं, ४२ लाख पौंड खर्चून दुरुस्त केलं. पहिल्या दिवशी बघ्यांची गर्दी थेट रुळांवर उतरली आणि गाडी थांबवावी लागली.

त्याच्या जातीची बाकी सगळी भावंडं भंगारात गेली, वेम्बलीला न गेलेलं थोरलं ‘ग्रेट नॉर्दर्न’ही. सगळ्यांच्या वाट्याचं प्रेम एकट्याला मिळालं, हे खरं. पण मग त्या ७९ इंजिनांचं जिवंत उदाहरण दाखवायला दुसरं काही उरलेलंच नाही, हेही तितकंच खरं.

काही जाणकारांचा आक्षेप असतो की आजचं इंजिन मूळचं नव्हेच. बॉयलर बदललेला, सांगाड्याचे भाग नवे, १९५९ मध्ये धुराडं दुहेरी झालं. त्यातून धूर मंद निघून ड्रायव्हरच्या डोळ्यांवर यायला लागला, म्हणून १९६१ मध्ये पुढे दोन बाजूंना पत्रे लागले. पण कारखान्यात बॉयलर एका इंजिनातून काढून दुसऱ्यात घालणं तेव्हाही रोजचंच होतं. आमचं घर पणजोबांनी बांधलं. कौलं तीनदा उतरली, वाळवी लागलेले वासे बदलले, जमीन सारवणाची होती ती लादीची झाली. आम्ही अजून त्याला पणजोबांचं घरच म्हणतो, आणि गावही म्हणतं. मला या आक्षेपात दम दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. सगळा पैसा आणि सगळं कौतुक एकाच इंजिनाकडे वाहतं. आपल्याकडे १९४७ ते १९६७ या काळात ७५५ डब्ल्यूपी आली, अर्धा देश त्यांनी ओढला. त्यातल्या एखाद्याचा नंबर घरोघरी माहीत आहे का? तिकडच्याही कित्येक गुणी इंजिनांची हीच गत झाली. हे मला खुपतं. पण त्यावर फ्लाइंग स्कॉट्समनचं प्रेम कमी करणं हा उपाय मला पटत नाही. ते पाहायला आलेला पोरगा संग्रहालयातलं मॅलार्डही बघतो.

म्हणून भाच्याला मी असं सांगितलं : सर्वात वेगवान म्हणून त्याचं कौतुक करू नकोस, ते खरं नाही. सर्वात ताकदवान म्हणूनही नको. लहान इंजिनाकडून हरल्यावर सुधारलं, सुधारल्यामुळे ६३१ किलोमीटर न थांबता जाऊ शकलं, १०० मैलांना पुराव्यासकट पोचलं आणि आपल्या जातीत एकटं उरलं, यासाठी खुशाल कर. एवढ्याला ते पुरेपूर पात्र आहे.

पाचव्या दिवशी सकाळी तो मोबाइल कानाला लावून पायरीवर बसला होता. मीच त्याला काम दिलं होतं. इंजिन फलाटावरून हलतानाचा व्हिडिओ लाव, डोळे मीट आणि ठोके मोज. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला फुंकणीचे चार ठोके पडतात, या इंजिनात सहा. वेग वाढला की ते एकमेकांत मिसळतात. १६१ किलोमीटरला सेकंदाला बेचाळीस, तिथे नुसता घोंघाट. पण अगदी सुरुवातीला, चाक सावकाश फिरताना, एकेक ठोका सुटा ऐकू येतो. आणि मधल्या झडपेचा ठेका जरा ढळला असेल तर सहातले काही ठोके लंगडतात.

त्यानं तीनदा ऐकलं. मग म्हणाला, "मामा, सहाच आहेत. पण तिसरा आणि सहावा जरा उशिरा पडतोय." मी बंबात करवंटी टाकली आणि त्याच्या शेजारी ऐकायला बसलो.